बैल आणि बुल

पवनारच्या परिसरांत धाम नदीकांठीं गवळाऊ जातीचीं गुरें दिसतात. हें नांव गवळ्यांवरून पडलें, आणि गवळी हा गोपालाचा वंशज. म्हणजे शब्दांतच गाय लपलेली आहे. असा सरळ धागा हातीं असतां आपले कित्येक सुशिक्षित मात्र ‘बैल तोच इंग्रजांचा बुल’ असें अभिमानानें सांगतात. या अभिमानाला व्यासंगाचा आधार नाहीं.

बैल हा संस्कृत बलीवर्दापासून आला. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणांत त्याचें ‘बइल्ल’ हें रूप सांपडतें. याकोब ग्रिम यानें १८२२ मध्यें मांडलेल्या नियमाप्रमाणें इंग्रजी बकारासमोर संस्कृतांत भकार हवा, जसें ब्रदर आणि भ्रातृ. तेव्हां बुलाची ही सोयरीक मोडली.

खरें नातें कानाला सहसा पटत नाहीं. संस्कृत गकारासमोर इंग्रजींत ककार येतो: युग, म्हणजे आपलें जूं, तेंच इंग्रजी योक. त्याच न्यायानें गो आणि प्राचीन इंग्रजी कू, आजची काउ, ह्या सख्ख्या बहिणी. पशूचा भाऊ फेओह; त्याचा अर्थ गुरें, आणि धनहि! यावरून इंग्रजीला संस्कृताची लेक म्हणण्याचा मोह कोणास होईल, तर तोहि आवरावा. दोघींची आई त्यांच्याहून जुनी आहे. मौज अशी, कीं गोमांसवाचक बीफ हा शब्दहि गोकुळांतलाच. मात्र तो लॅटिनमधून फ्रेंचांच्या घरीं वाढला आणि १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडांत, काउच्या शेजारीं, परका म्हणून राहावयास आला.