‘हलाल’ : आपली माणसे पडद्यावर

कोरेगावच्या बाजारात बागवान, आतार, तांबोळी, मुलाणी ही आपली माणसे रोज भेटतात. गिऱ्हाइकाशी मराठीत घासाघीस करतात, घरी आईशी दखनीत बोलतात. तालुक्यातल्याच रहिमतपुरात आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाचा मकबरा आहे. म्हणजे आपण काही काल-परवा इथे आलेलो नाही. पण पडद्यावर ही माणसे कितीशी आली? हिंदी सिनेमातला मुसलमान बहुधा झुंबराखाली बसून शायरी करणारा. बी. आर. चोप्रांचा ‘निकाह’ (१९८२) हा तलाकवरचाच चित्रपट, पण त्यातली नीलोफर आणि तिचा नवाबी नवरा आपल्या आळीतले नव्हते.

म्हणूनच राजन खान यांच्या कथेवरून शिवाजी लोटन पाटील यांनी केलेला ‘हलाल’ मला मोलाचा वाटतो. ‘धग’साठी दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या या दिग्दर्शकाला गावातली गरिबी ठाऊक आहे. कुद्दूस हलीमला तलाक देतो. पुढे ती परत हवी, तर आधी तिचा दुसऱ्याशी निकाह आणि तलाक व्हायला हवा, असे ठरते. आणि त्यासाठी गावच्या मौलानाला उभे केले जाते. चिन्मय मांडलेकरांचा हा मौलाना खलनायक नाही. नियम सांगणारा माणूसच नियमात अडकतो, ही कथेची खरी पकड, आणि पाटलांनी ती सुटू दिलेली नाही. (दाढीवाल्याला पाहताच प्रेक्षकाला राग यावा, हा सोपा रस्ता त्यांना मोकळा होता.)

माझी तक्रार वेगळी आहे. पुरुषांचा पेच जितका ठळक होतो, तितकी हलीम मागे सरकते. कथेत बाईच्या मनात शिरायला दोन ओळीही पुरतात. कॅमेऱ्याला मात्र तिच्यापाशी थांबावे लागते. प्रीतम कागणेंचा चेहरा बरेच काही सांगतो. त्याला आणखी वेळ द्यायला हवा होता.

आणखी एक अडचण चित्रपटाबाहेरची. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी एकाच बैठकीतला तीन तलाक रद्द ठरवला, आणि आधीच तयार असलेला ‘हलाल’ ६ ऑक्टोबरला प्रदर्शित झाला. साहजिकच तो त्या गदारोळातच पाहिला गेला. सूरह बकराच्या २३० व्या आयतीत दुसऱ्या निकाहची अट आहे. मात्र आधीच ठरवून केलेल्या हलालाचा हदीसमध्ये धिक्कार आहे. हा फरक शेजारच्या खुर्चीवरच्या हिंदू मित्राला ठाऊक नसतो. आपल्यापैकी किती जणांना असतो, हेही विचारायला हवे.

‘पुन्हा तलाकच का?’ असे आपल्यातलेच काही जण चिडून म्हणतात. राग खोटा नाही. बागवानाच्या पोरीची दहावी, मुलाण्याच्या घरातली वाटणी यांवर मराठी चित्रपट निघालेला मी पाहिलेला नाही. पण तो राग राजन खानांवर काढू नये. त्यांनी आपल्या घरातली गोष्ट आपल्या भाषेत लिहिली. दहावीची आणि वाटणीची गोष्ट लिहायला त्यांनी कुणाला अडवलेले नाही.