‘सुरक्षित’ भूजल : एका संज्ञेची परीक्षा

भूजलाच्या मूल्यमापनात ‘सुरक्षित’ ही संज्ञा आता रूढ झाली आहे. वर्षभरात उपशासाठी उपलब्ध मानलेल्या भूजलापैकी ७० टक्क्यांपर्यंतच उपसा होत असेल, तर तो तालुका सुरक्षित. १०० टक्क्यांच्या वर गेल्यास अतिशोषित. रत्नागिरी जिल्ह्यातील तालुके या कसोटीस सहज उतरतात. आणि त्याच जिल्ह्यातील कित्येक वाड्यांना वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते! ही विसंगती केवळ प्रशासकीय ढिलाई म्हणून सोडून देता येणार नाही. तिचे मूळ संज्ञेतच आहे.

येथे वर्षाकाठी सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सच्छिद्र जांभा तो झपाट्याने आत घेतो. परंतु जांभ्याखालच्या चिकणमातीच्या थरावर अडलेले पाणी सड्याच्या कडेला झऱ्यांवाटे तितक्याच झपाट्याने निघून जाते. फाल्गुन सरता सरता विहिरी तळ दाखवू लागतात. म्हणजे उपसा अल्प आहे तो पाणी शिल्लक आहे म्हणून नव्हे, तर उपसावयास पाणी थांबतच नाही म्हणून. वार्षिक सरासरीला ऋतू दिसत नाहीत, हा या कसोटीचा मुख्य दोष होय.

रत्नागिरी शहराची भिस्त शीळ धरणावर आहे. धरण आटू लागले की भूजल शुद्ध करून शहरास पुरवावे, ही सूचना स्वाभाविक वाटते. आणि ‘सुरक्षित’ हा शब्द तिला बळ देतो. शुद्धीकरणाचे तंत्र अवघड नाही. जांभ्यातील पाणी बहुधा मृदू व किंचित आम्लधर्मी असते. त्यास चुना पुरतो. लोह असल्यास पाण्यात हवा खेळवून ते वाळूतून गाळावे. खरी अडचण किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्याची. व्यस्त परासरणाने क्षार निघतात खरे, पण घेतलेल्या पाण्याचा एक हिस्सा अतिक्षारयुक्त होऊन टाकून द्यावा लागतो. जेव्हा पाणी सर्वांत दुर्मिळ, तेव्हाच ही प्रक्रिया अधिक उपसा मागते. आणि किनाऱ्यावर अधिक उपसा म्हणजे समुद्राला आत येण्याचे निमंत्रण.

लातूरचे उदाहरण येथे लागू करणे चुकीचे ठरेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने तेथे पाणी न्यावे लागले, ते पाऊसच हुकल्यामुळे. कोकणात पाऊस हुकत नाही, साठा हुकतो. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनजवळच्या अटलांटिस या वसाहतीचा दाखला अधिक बोधक आहे: तेथे पावसाचे व शुद्ध केलेले सांडपाणी आधी वाळूत मुरविले जाते, मग उपसून मृदू केले जाते. मात्र वाळू पाणी धरते. जांभा सोडून देतो. तेव्हा तेही जसेच्या तसे उचलता येणार नाही.

१९७२ साली स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण-विहिरींची पातळी उन्हाळ्यातही मोजते. ‘सुरक्षित’ या शिक्क्याशेजारी मे महिन्यातील ती पातळी छापावयास कोणतेही नवे यंत्र लागत नाही.