क्षणजीवी पुस्तकांची नामावळी

ग्रंथसूची म्हणजे वाङ्मयमंदिराच्या दारातील रखवालदार. आत कोण गेले, बाहेर कोण आले याची त्याने नोंद ठेवावी, आत काय चालले आहे याची उठाठेव करू नये, असा समज सुशिक्षितांतही दृढ आहे. आम्हांस तो मान्य नाही. कोणत्या पुस्तकाची नोंद घ्यावयाची, ती कोणाच्या नावाखाली घ्यावयाची आणि कोणत्या दोन पुस्तकांना एकमेकांचे नातलग म्हणावयाचे, हे ठरविताना सूचिकार पदोपदी वाङ्मयीन निर्णय करीत असतो. टीकाकाराचा निर्णय चुकला तर दुसरा टीकाकार तो खोडून काढतो. सूचिकाराचा निर्णय चुकला तर तो शंभर ठिकाणी नकलला जातो आणि कालांतराने सत्य म्हणून रूढ होतो. म्हणून सूचीचीही टीका व्हावयास हवी. प्रस्तुत लेखात ती आम्ही जपानातील एका विलक्षण ग्रंथप्रकाराच्या निमित्ताने करू इच्छितो.

या प्रकाराला जपानीत दोजिन्शी म्हणतात. 'दोजिन' म्हणजे समानधर्मी मंडळी. 'शी' म्हणजे त्यांचे नियतकालिक. लेखकांनी एकत्र यावे, प्रकाशकाच्या दारी न जाता आपले लिखाण आपणच काढावे, ही रीत तेथे जुनी आहे. १८८५ साली ओझाकी कोयो प्रभृती तरुणांनी केन्यूशा नावाचे मंडळ स्थापिले आणि 'गाराकुता बुन्को' हे पत्र काढले. आरंभी ते हस्तलिखित स्वरूपात सभासदांच्या हातोहाती फिरत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच रीत चित्रकथांच्या रसिकांनी उचलली. आवडत्या कथेतील पात्रे घेऊन स्वतःची नवी कथा रचावी, चितारावी, स्वखर्चाने छापावी आणि वर्षातून दोनदा भरणाऱ्या मेळ्यात स्वतःच्या हाताने दुसऱ्या रसिकाला द्यावी, असा हा व्यवहार. पूर्णतः स्वतंत्र कथाही त्यांत असतात. १९८४ पासून भरणारा कोमितिया हा मेळा तर केवळ स्वतंत्र रचनांसाठीच आहे. परंतु मोठा भाग पराया पात्रांवर रचलेल्या कथांचाच होय.

यांतील प्रमुख मेळा म्हणजे कॉमिक मार्केट. २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्योत तो प्रथम भरला तेव्हा ३२ मंडळे आणि सुमारे ७०० माणसे जमली होती. १९९६ पासून तो तोक्यो बिग साइट या विस्तीर्ण प्रदर्शनगृहात भरतो, आणि डिसेंबर २०१९ मधील चार दिवसांच्या मेळ्यातील उपस्थिती साडेसात लाखांपर्यंत गेली. या मेळ्याचा एक संकेत ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तेथे 'ग्राहक' हा शब्द वर्ज्य मानतात. पुस्तक देणारा, घेणारा आणि रांगा लावणारा स्वयंसेवक हे तिघेही 'सहभागी' होत. पुस्तक 'विकले' असेही सहसा म्हणत नाहीत. 'वाटले' असे म्हणतात, जरी त्यासाठी पैसे घेतलेले असले तरी. यात्रेत आणि बाजारात जो भेद आपण करतो, तोच येथे अभिप्रेत आहे.

आता या पुस्तकांचे बाह्यांग पाहू. ती बहुधा पातळ असतात. काही मधोमध तारेचे टाके घातलेली असतात; अशांना पाठकणा नसतो आणि फडताळात उभी केली तर नाव दिसत नाही. ग्रंथव्यापारात सर्वत्र चालणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक त्यांना नसतो. प्रती कधी चाळीस, कधी चारशे, क्वचित काही हजार. जपानात राष्ट्रीय संसद ग्रंथालयाकडे प्रत जमा करण्याचा कायदा १९४८ पासून आहे. तथापि या घरगुती पुस्तकांपैकी फार थोडी तेथे पोहोचतात. मेळा संपला, प्रती संपल्या, की पुस्तक काही खासगी कपाटांत तेवढे उरते. घर बदलले, माणूस निवर्तला, की तेही जुन्या पुस्तकांच्या दुकानात किंवा रद्दीत जाते.

अशा पुस्तकांची आठवण राहावी म्हणून जपानातील आणि जपानाबाहेरील हौशी मंडळींनी संगणकावर सूची रचल्या, ज्यांना आज सर्वत्र डेटाबेस म्हणतात. त्यामागील कळकळीविषयी आमच्या मनात आदरच आहे. या सूचींनी राखले नसते तर कित्येक पुस्तकांचे नावही उरले नसते. तथापि कळकळ आणि विवेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमचा आक्षेप विवेकाविषयी आहे.

दोजिन्शीच्या बाबतीत सूचिकारासमोर तीन साक्षीदार उभे असतात. पहिला साक्षीदार मेळ्याची छापील सूची. जाडजूड अशा या ग्रंथात प्रत्येक मंडळाला एक इवलीशी चौकट मिळते. तीत त्या मंडळाने स्वतः काढलेले चित्र असते आणि शेजारी दिवस, दालन व मेजाचा क्रमांक. एका मंडळाच्या वाट्याला अर्धे मेज येते. ही सूची पुस्तकांची नव्हे, जागांची आहे. शिवाय चौकटीतले चित्र मेळ्याच्या कित्येक महिने आधी, अर्जाबरोबर द्यावे लागते. त्या वेळी पुस्तकाचे एक पानही तयार नसते. 'नवे पुस्तक पडले', म्हणजे वेळेत पुरे झाले नाही, हा तेथील नित्याचा वाक्प्रचार आहे. तेव्हा ही सूची म्हणजे केवळ संकल्प. दुसरा साक्षीदार नमुनाप्रत. प्रत्येक मंडळाने आणलेल्या नव्या पुस्तकाची एक प्रत मेळ्याच्या व्यवस्थापकांकडे द्यावी लागते. ती तपासली जाते आणि राखून ठेवली जाते. ही सिद्धी. तिसरा साक्षीदार पुस्तकाच्या अखेरच्या पानावरील प्रकाशनलेख, ज्याला जपानीत ओकुझुके म्हणतात. त्यात नाव, मंडळ, तारीख, मुद्रणालय इतके असते. हा पुस्तकाचा स्वतःविषयीचा जबाब.

हा प्रकाशनलेख म्हणजे काही आजचे खूळ नव्हे. १७२२ साली एदो येथील शोगुनच्या राजवटीने पुस्तकाच्या शेवटी लेखक व प्रकाशक यांची खरी नावे घालण्याची आज्ञा काढली, ती लेखनावर नजर ठेवता यावी म्हणून. आज कोणाच्या सक्तीशिवाय, हौसेने छापलेल्या पुस्तकांतही तो टिकून आहे. मात्र खऱ्या नावाच्या जागी टोपणनाव आले आहे. आपल्याकडील हस्तलिखित पोथीच्या अखेरीस लेखनिक शक, तिथी, स्थळ लिहून ठेवी, आणि पोथ्यांची सूची करणारा त्या पुष्पिकेवर प्रथम बोट ठेवतो. येथेही तेच करावयास हवे.

परंतु प्रत्यक्षात बहुतेक हौशी सूची या तीन साक्षींचा काला करतात. मंडळाने जाहीर केलेले नाव, दुकानाने लावलेले नाव आणि पुस्तकावर छापलेले नाव एकाच रकान्यात येऊन बसते, आणि कोणते कोठून आले याचा मागमूस उरत नाही. पृष्ठसंख्येसारखी साधी गोष्ट घ्या. या पुस्तकांची मुद्रणालये मुखपृष्ठ-मलपृष्ठाची चार पाने धरून गणती करतात. एखादा सूचिकार केवळ आतली पाने मोजतो. मग एकच पुस्तक एका नोंदीत ३२ पृष्ठांचे आणि दुसरीत २८ पृष्ठांचे ठरते, आणि वाचणाऱ्याला वाटते की आवृत्त्या दोन आहेत. उलट, हिवाळ्यात झेरॉक्स यंत्रावर काढलेली कथा उन्हाळ्यात छापून येते आणि पुढे संकलनात पुन्हा येते; तेथे खरोखरच तीन पुस्तके असता नोंद एकच राहते. ग्रंथपालांच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९९८ साली मूळ कृती, तिचे शब्दरूप, तिचे प्रकाशन आणि हाती असलेली प्रत असे चार थर वेगळे करून दाखविले. हे विवेचन मोठ्या ग्रंथालयांपुरते आहे असे समजू नये. चाळीस प्रतींच्या पुस्तकालाच त्याची अधिक गरज आहे.

नावांचा घोटाळा याहून अवघड. जपानी लिपीत तीच दोन अक्षरे कोणी 'साचिको' वाचतो, कोणी 'युकिको'. खरा उच्चार त्या नावाची व्यक्तीच सांगू शकते. टोपणनावात तर मुद्दाम अनवट वाचन योजिलेले असते. परदेशी सूचिकार त्याला रोमन लिपीत बसवितो, आणि दीर्घ स्वर कसा लिहावा यावर एकमत नसल्याने एकाच लेखिकेच्या तीन लेखिका होतात. खुद्द 'दोजिन्शी' हा शब्दच रोमन लिपीत एकाहून अधिक प्रकारे लिहिला जातो, यावरून काय ते समजावे. यावर उपाय एकच: पुस्तकावर जशी अक्षरे आहेत तशीच ती प्रथम नोंदवावी, उच्चार निराळ्या रकान्यात द्यावा, आणि तो लेखिकेने दिलेला की सूचिकाराने तर्काने ठरविलेला, हेही सांगावे.

वर्गीकरणाचा प्रश्न घेतला म्हणजे सूची ही टीका कशी असते हे स्वच्छ दिसते. दोन पात्रांच्या प्रेमाची कथा असेल तर त्यांची नावे गुणाकाराच्या चिन्हाने जोडतात. या जोडणीत क्रमाला अर्थ असतो. पहिले नाव पुढाकार घेणाऱ्याचे, दुसरे स्वीकारणाऱ्याचे. क्रम उलटला की कथेचा स्वभाव बदलला, आणि कित्येक वाचक एक क्रम आवडीने वाचतात, दुसऱ्याला हात लावीत नाहीत. आता जी सूची नीटनेटकेपणाच्या हव्यासाने ही नावे वर्णानुक्रमे लावते, ती या वाङ्मयातील सर्वांत सूक्ष्म भेद एका फटकाऱ्यात पुसून टाकते. यंत्राला दोष देऊन भागणार नाही. रकाना आखणाऱ्याने वाङ्मय वाचलेले नव्हते, इतकाच त्याचा अर्थ. येथे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांचे स्मरण होते. पुस्तकाला एकाच खणात कोंबू नये, त्याचे पैलू वेगळे करून मग जोडावेत, हा विचार त्यांनी १९३३ च्या आपल्या द्विबिंदु वर्गीकरणात मांडला. मूळ कथा, पात्रे, त्यांचा परस्परसंबंध, मंडळ, मेळा, आकार असे पैलू ज्या पुस्तकाला स्वभावतःच आहेत, त्याला याहून योग्य दृष्टी सापडणे कठीण.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. यांतील बरीच पुस्तके शृंगाराची, काही तर सरळ अश्लील; त्यांची नोंद ठेवण्याचा खटाटोप कशासाठी? आमचे उत्तर असे की नोंद म्हणजे प्रशस्ती नव्हे. काय टिकवावे याचा निवाडा करण्याचा हक्क पुढील पिढीचा आहे, आणि निवाड्यासाठी तिच्यापुढे पुरावा असला पाहिजे. प्रौढांसाठीचे पुस्तक तसे आहे असे स्पष्ट नोंदविणे हे सूचिकाराचे कर्तव्य होय. ते नव्हतेच असे भासविणे हे नव्हे.

परंतु दुसरा आक्षेप आम्हांस खरोखर अस्वस्थ करतो. या पुस्तकांच्या कर्त्यांना आपण सापडावे असे वाटते काय? पराया पात्रांवर रचलेली कथा कायद्याच्या दृष्टीने संशयास्पदच. १९९९ च्या आरंभी पोकेमॉनच्या पात्रांवर प्रौढांसाठी पुस्तक काढणाऱ्या एका स्त्रीला मूळ कंपनीच्या तक्रारीवरून अटक झाली, आणि सर्व मंडळे हादरली. २०१८ च्या अखेरीस अमलात आलेल्या दुरुस्तीने काही गुन्ह्यांत तक्रारीविनाही खटला भरता येऊ लागला. परंतु तो मूळ कृती जशीच्या तशी विकणाऱ्यांपुरता मर्यादित ठेवला, म्हणून रसिकांच्या नवरचना अद्याप मूळ धन्याच्या मौनावर जगत आहेत. शिवाय कायदा बाजूला ठेवला तरी, दिवसा कचेरीत वा शाळेत काम करणारी व्यक्ती रात्री टोपणनावाने चित्रे काढते, तेव्हा त्या दोन नावांमध्ये तिने जाणूनबुजून भिंत उभारलेली असते. चाळीस प्रती चाळीस समानधर्मी माणसांच्या हाती देणे आणि साऱ्या जगाला शोधता येईल अशा सूचीत येणे, यांत अंतर आहे.

म्हणून आमचे मत असे की सूचीने पुस्तक स्मरावे, माणूस हुडकू नये. प्रकाशनलेखावर जे नाव आहे तेच त्या पुस्तकाच्या कर्त्याचे नाव; त्यामागील खरे नाव, किंवा पुढे व्यावसायिक झालेल्या चित्रकाराचे नवे नाव, त्याने स्वतः जोडल्याशिवाय सूचीने जोडू नये. नोंद द्यावी, पाने उचलून देऊ नयेत. नोंद आणि नक्कल यांतील रेषा जेथे पुसली जाते, तेथे सूची ही सूची न राहता परस्पर केलेले पुनर्मुद्रण होते, आणि जे मंडळ तिच्यावर रागावते त्याचा राग रास्तच होय. नोंद काढून टाकण्याची कोणी विनंती केली तर निदान माणसाकडे नेणारे धागे तोडावेत. अशी एक पुस्तिका होती, एवढी ओळ राहू द्यावी.

हे दोन्ही धर्म एकत्र सांभाळता येतात याचे उदाहरण तोक्योतच आहे. योशिहिरो योनेझावा हे कॉमिक मार्केटच्या संस्थापकांपैकी एक. १९८० पासून २००६ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी त्याची धुरा वाहिली, आणि जन्मभर चित्रकथा व तत्सम साहित्य जमविले. तो संग्रह मेइजी विद्यापीठाने स्वीकारला आणि २००९ साली त्यांच्या नावाचे ग्रंथालय उघडले. मेळ्याच्या नमुनाप्रती पाहण्याचीही सोय तेथे करण्यात आली. वाचकाने तेथे जावे, प्रत मागावी, वाचावी आणि परत करावी. पुस्तक जगासमोर उधळलेले नाही आणि गडपही झालेले नाही. संगणकीय सूचीने अशा ठिकाणाचा पत्ता सांगावा. त्या ठिकाणाची जागा घेऊ नये.

मराठीत शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित ग्रंथांची सूची १९४४ साली प्रसिद्ध केली. तिच्यावाचून मराठी वाङ्मयाचा अभ्यासक आज एक पाऊल टाकू शकत नाही, आणि तिच्यात थोर ग्रंथांबरोबर कोणी न वाचलेली चोपडीही विनातक्रार नांदतात. मोठ्या ग्रंथाचे नाव सूचीवाचूनही टिकते. लहान पुस्तकाला सूचीखेरीज आसरा नाही. म्हणूनच लहान पुस्तकाच्या सूचिकारावर जबाबदारी अधिक. त्याने लिहिलेले तपासून पाहण्यास दुसरी प्रत बहुधा कोणापाशी नसते. त्याने पाहिले ते 'पाहिले' म्हणून लिहावे, ऐकले ते 'ऐकले' म्हणून लिहावे, आणि पुस्तक जेथे मुके आहे तेथे रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना पुढे कोणी भरील. खोटा भरलेला रकाना मात्र कोणी उघडूनही पाहणार नाही.