अभंग आणि सिंहासन

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा 'राइज ऑफ द मराठा पॉवर' हा ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. त्यातील संतांवरील प्रकरणाला मराठी विचारविश्वात आजही मान आहे. शिंपी, माळी, कुंभार, न्हावी, महार अशा सर्व थरांतून आलेल्या संतांनी कर्मकांडाचा आणि जातिश्रेष्ठत्वाचा ताठा सैल केला, लोकभाषेला प्रतिष्ठा दिली आणि त्या जागृतीतूनच स्वराज्याची मनोभूमी तयार झाली, हा त्यांचा सिद्धान्त. त्यासाठी त्यांनी युरोपातील सोळाव्या शतकाच्या धर्मसुधारणेशी तुलना केली आहे. ती कितपत टिकते, हे येथे पाहावयाचे आहे.

तुलना करावयाचीच तर ती शेवटपर्यंत न्यावी, असे आम्हांस वाटते. त्या सुधारणेचे राजकीय टोक पुढच्या शतकात इंग्लंडात दिसले. १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध जुंपले. ३० जानेवारी १६४९ रोजी पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. आपल्याकडे तो तुकोबांचा अखेरचा काळ. तिकडे धर्म रणांगणातच उतरला होता. १६४७ मध्ये पटनी येथे मताधिकार कोणाला असावा, यावर शिपायांचे प्रतिनिधी सेनाधिकाऱ्यांशी वाद घालत होते. १६४९ मध्ये विन्स्टन्ली आणि त्याचे सोबती, भूमी ही ईश्वराने सर्वांना दिली आहे, या श्रद्धेने सरे परगण्यातील पडीक जमीन खणू लागले. १६४१ नंतर छपाईवरील राजसत्तेचा अंकुश ढिला झाल्यामुळे असे विचार पत्रकांतून गावोगाव पोहोचले.

वारकऱ्यांपाशी दिंडी होती, कीर्तन होते, हस्तलिखित वह्या होत्या. सैन्य नव्हते, छापखाना नव्हता, हक्कांची सनदही नव्हती. वाळवंटातली समता गावी परतताना वेशीपाशी थांबे. पंढरीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले, ही एकच गोष्ट रानड्यांच्या आशावादाला मर्यादा घालण्यास पुरेशी आहे.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी दुसरे टोक गाठले. वारकरी संतांनी समाजाला निवृत्त आणि दुबळे केले, रामदासांच्या जयिष्णु धर्माने त्याला उभे केले, असे त्यांचे म्हणणे. दोघांचे निष्कर्ष परस्परविरोधी असले तरी मापनपट्टी एकच आहे. अभंगाचे मोल दोघेही सिंहासनाशी लावून ठरवतात. आमचा आक्षेप आहे तो या मापनपट्टीला.

इंग्लंडात १६६० मध्ये राजपुत्र परतला आणि क्रांती हरली. तिचा कैवारी मिल्टन अंध आणि पराभूत होता. त्याचे 'पॅरडाइज लॉस्ट' १६६७ मध्ये छापले गेले. राज्याच्या मापाने मोजले तर ते काव्य पराभवाचे. पण वाचणारा तसे मोजत नाही. त्याच १६६७ साली पुरंदरच्या तहाचा विजेता मिर्झाराजे जयसिंग आपल्या बुऱ्हाणपुरात वारला. त्याची छत्री पाहावयास लोक जातात. तिच्यापुढे कोणी हरिपाठ म्हणत नाही.

हा प्रश्न आम्हां दापोऱ्याच्या आणि परिसरातील जुन्या मराठी घराण्यांना पुस्तकी वाटू नये. आपले पूर्वज कोणी मराठा अंमलात, कोणी त्यानंतर या मुलखात स्थिरावले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. संतवाणीचे सार्थक मराठी राज्यात होते, असे मानले तर आपल्या घरांतील अभंग निराधार ठरतात. ते तसे नाहीत. तापीकाठच्या मुक्ताईची पालखी आषाढीला पंढरीस जाते, ती कोणाच्या फर्मानाने नव्हे.

मात्र एवढ्यावर समाधान मानणे ही आत्मवंचना होईल. रानड्यांनी संतांकडे सामाजिक समतेच्या दृष्टीने पाहावयास शिकवले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. समता सिद्ध झाली, असे त्यांनी लवकर गृहीत धरले, एवढीच त्यांची चूक. तीच चूक आम्हीही करतो. राज्य नसतानाही अभंग टिकला, याचा अभिमान आम्ही बाळगतो. पण आमच्या भजनाच्या बैठकीत गावातील प्रत्येक वस्तीचा माणूस आमच्या शेजारी बसतो काय, हे विचारावयाचे आम्ही टाळतो. रानड्यांच्या सिद्धान्ताची खरी कसोटी तेथे आहे, आणि ती घेण्यासाठी कोणत्याही सिंहासनाची वाट पाहावी लागत नाही.