दोन झरे आणि एक टीका

टीका ग्रंथाहून अधिक गाजावी आणि तरीहि अखेर ग्रंथच टिकावा, असा योग क्वचित् येतो. अर्थशास्त्रांत तो आंत्वान कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाच्या ग्रंथाचे बाबतींत आला. संपत्तीच्या उपपत्तीचीं गणिती तत्त्वें मांडणारा हा ग्रंथ १८३८ सालीं निघाला व उपेक्षित राहिला. १८७७ सालीं कूर्नो वारला. पुढें १८८३ सालीं जोसेफ बर्त्रां यानें ग्रंथाचा परामर्श घेतला, तो खंडनासाठींच.

वादाचा विषय दिसण्यांत क्षुल्लक आहे. खनिज पाण्याचे सारख्या गुणाचे दोन झरे, मालक दोन, खर्च शून्य. कूर्नोच्या मतें प्रत्येक मालक दुसऱ्याची विक्री स्थिर धरून आपली ठरवितो. समजा, १२ फ्रँक भावास गिऱ्हाईक मुळींच नाहीं आणि भाव उतरेल त्या प्रमाणांत खप वाढतो. मग एकटा मक्तेदार ६ फ्रँक घेईल. दोघे असतां भाव ४ वर येईल, तिघे असतां ३ वर. मक्तेदारी व मुक्त स्पर्धा यांमधील पायऱ्या अशा मोजून दाखविणें, हें ग्रंथाचें खरें यश होय.

बर्त्रांचा आक्षेप असा कीं, एकानें भाव किंचित् उतरविला तर सारें गिऱ्हाईक त्याजकडे जाईल. दुसरा त्याहून उतरवील. या घसरणीस अंत नाहीं. युक्तिवाद बिनतोड भासतो. परंतु एकाच झऱ्यानें साऱ्या गांवाची तहान भागते, हें त्यांत न बोलतां गृहीत धरलें आहे. हें वैगुण्य एजवर्थनें १८९७ सालीं दाखविलें. पुढें १८८३ च्या टीकेनंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९८३ सालीं, क्रेप्स व शाइंकमन यांनीं सिद्ध केलें कीं, मालकांनीं आधीं उत्पादनशक्ति ठरविली व मग भावांत झुंज दिली, तर कांहीं अटींवर कूर्नोचाच भाव निघतो. विक्री स्थिर कां मानावी, याचें जें कारण कूर्नोनें दिलें नव्हतें, तें असें उशिरां मिळालें.

हा केवळ पंडितांचा खेळ नव्हे. एका धंद्यांत तीन कारखाने आहेत. त्यांतील दोघांस एक होऊं द्यावें काय? बर्त्रांचा शिष्य म्हणेल, दोघे उरले तरी गिऱ्हाइकास भय नाहीं. कूर्नोचा म्हणेल, भाव ३ चा ४ होईल. निवाडा कोणत्या गणिताच्या डौलावर करावयाचा नसतो. सिमेंटची भट्टी उभारण्यास वर्षें लागतात, भाव एका दिवसांत बदलतो. व्यापाऱ्याचे हात कोठें बांधलेले आहेत, हें आधीं पाहावें. जो अर्थशास्त्रज्ञ तें न पाहतां समीकरण मांडतो, तो उत्तर नव्हे, आपली आवड सांगतो.