जाणणे आणि मानणे

दिवाळीच्या दिवसांत, देवघरातली समई नुकतीच उजळून ठेवलेली असताना, नास्तिकांचा विषय काढणे औचित्याला धरून नाही, हे मला मान्य आहे. परंतु फराळाच्या ताटाभोवती घरोघर जे वाद रंगतात त्यांत हाही एक असतोच. काका म्हणतात, 'धर्मग्रंथ उघडूनही न पाहता धर्माला नावे ठेवता तुम्ही.' कॉलेजातला पुतण्या म्हणतो, 'तुम्ही तरी कुठे उघडलेत?' दोघांचेही निम्मे खरे असते आणि चिवडा संपला की वादही संपतो.

या वादात कोणाला किती गुण पडतात हे मोजण्याची खटपट अमेरिकेत झाली. २०१० साली तेथील प्यू संशोधन केंद्राने ३,४१२ प्रौढ माणसांना धर्मासंबंधी ३२ प्रश्न विचारले. सरासरी १६ उत्तरे बरोबर आली. नास्तिक व अज्ञेयवादी यांची सरासरी मात्र २०.९ भरली, ज्यू आणि मॉर्मन त्यांच्या मागोमाग होते. प्रॉटेस्टंटांपैकी निम्म्याहून अधिकांना मार्टिन ल्यूथर ओळखता आला नाही. शंभरातल्या पंचेचाळीस कॅथलिकांना प्रसादाच्या भाकरीविषयी आपल्याच चर्चची शिकवण काय आहे, हे सांगता आले नाही. पुतण्याने टाळी वाजवावी असाच हा निकाल! पण गुणपत्रिका जरा खाली वाचली पाहिजे. बायबल आणि ख्रिस्ती धर्म यांवरचे जे १२ प्रश्न होते, त्यांत मॉर्मनांना ७.९, गोऱ्या इव्हँजेलिकल पंथीयांना ७.३ आणि नास्तिकांना ६.७ गुण पडले. म्हणजे स्वतःच्या पोथीत भाविक अगदीच कच्चे नव्हते. नास्तिक पुढे गेले ते दुसऱ्यांच्या धर्मांविषयीच्या प्रश्नांत. शिक्षणाचा वाटा त्यात मोठा होता. तो वजा केला तरी त्यांची आघाडी थोडीबहुत उरतेच.

मला याचे फारसे नवल वाटत नाही. ज्याला घर सोडावयाचे असते त्याला कागदपत्रे तपासून पाहावी लागतात. ज्याला राहावयाचे असते तो किल्ली कनवटीला आहे ना, एवढेच चाचपतो.

हे आकडे इकडे जसेच्या तसे लागू करण्यात अर्थ नाही. आपल्याकडे 'नास्तिक' या शब्दाचे वजनच निराळे. मनुस्मृतीच्या लेखी वेदाची निंदा करणारा तो नास्तिक. उलट पूर्वमीमांसक जगाचा कर्ता ईश्वर मानीत नाहीत, तरी वेद मानतात म्हणून ते आस्तिकांच्या पंक्तीला! देव नाही म्हटले तरी चालेल, पण ग्रंथाचा अधिकार नाकारता कामा नये, असा हा व्यवहार आहे. तेव्हा आपल्याकडच्या नास्तिकाला निदान ग्रंथाशी दोन हात करावेच लागतात, आणि ते ज्यांनी खरोखर केले त्यांत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेत त्यांचे अध्ययन झाले आणि 'धर्मकोशा'च्या संपादनाचा भारही त्यांनी वाहिला. अस्पृश्यतेला शास्त्राधार आहे काय, या प्रश्नावर गांधीजींना त्यांच्या विद्वत्तेचे साहाय्य झाले. पुढे ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळले. नागपूर विद्यापीठातील व्याख्यानांतून सिद्ध झालेले त्यांचे 'हिंदुधर्माची समीक्षा' हे पुस्तक आजही वाचले पाहिजे. टिंगल करून मोकळे व्हावे, असा सोपा मार्ग ते पत्करीत नाहीत. प्रतिपक्षाची भूमिका आधी नीट मांडून मग तिचे खंडन करण्याची जुनी शास्त्रीय शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली आहे, आणि मठात घडविलेले शस्त्रच मठावर धरावे तसे त्यांनी केले. काकांच्या आक्षेपाला हे पुस्तक म्हणजे पुरेसे उत्तर आहे.

तरीही ते वाचून झाल्यावर मला एक रुखरुख लागून राहते. त्या युक्तिवादाचा खरा प्रतिवादी शास्त्री आहे. टाळ घेऊन पावसात वीस दिवस चालणाऱ्या माणसाला वेदप्रामाण्याचे खंडन ऐकवून त्याचे काय बिघडणार? त्याने ते प्रामाण्य कधी तपासले नव्हते, आणि त्यावर त्याची भक्तीही उभी नव्हती.

त्या माणसाची वाट धरावयाची तर इरावतीबाई कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख उघडावा. बाई मानववंशशास्त्रज्ञ, महर्षी कर्वे त्यांचे सासरे आणि बुद्धिवादी र. धों. कर्वे थोरले दीर. आळंदीहून निघालेल्या ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर त्या चालल्या. १९६२ साली हा लेख इंग्रजीतून अमेरिकेतल्या एका संशोधनपत्रिकेतही आला, पण तो संशोधकाच्या टिपणासारखा मुळीच वाचला जात नाही. ज्या मुलखातली माणसे पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, अशी एक नवी व्याख्या त्यांना वाटेत सुचली. तिच्यात भाबडेपणा नाही, कारण त्याच लेखात त्या दुसरीही गोष्ट नोंदवितात. दिंडीतल्या ब्राह्मण बायका आणि मराठा बायका दिवसभर तेच अभंग म्हणतात, एकाच विठ्ठलाकडे चालतात, आणि जेवणाची वेळ झाली की पंक्ती वेगळ्या होतात. अभंग तोंडपाठ, श्रद्धा निःसंशय, आणि चूल निराळी!

बाईंना हे खुपले. त्या मराठा बायकांच्या पंक्तीला जेवल्या. मग त्या बायका मोकळ्या झाल्या, हात धरून चालू लागल्या, घरचे सांगू लागल्या, 'ताई' म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्या घरी येऊ, असेही काहींनी सांगितले. तेव्हा त्यांच्यातल्या एका तरुण मुलीने विचारले, की इथे वागता तशाच तिथेही आमच्याशी वागाल का?

तो साधा प्रश्न बाईंच्या जिव्हारी लागला आणि त्यांनी तो लपविला नाही, हे मला या लेखाचे मोठेपण वाटते. त्या मुलीने कोणती पोथी वाचली होती, तिला अक्षरओळख तरी होती की नाही, हे विचारण्याचे माझ्या मनात येत नाही. यंदा काका आणि पुतण्या फराळाला बसतील तेव्हा 'वाटचाल' दोघांना वाचून दाखवावी, असे मी ठरविले आहे, चिवडा संपण्यापूर्वीच.