दहा राग, एक ठेका आणि अठ्ठावीस वर्षांचा उशीर

चरणजीत सिंग यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही रेकॉर्ड मी ऐकायच्या आधी तिच्याबद्दलचं एक वाक्य ऐकलं होतं. ॲसिड हाउस हा नाचायच्या संगीताचा प्रकार शिकागोत जन्मला असं जग समजतं, पण खरं तर तो पाच वर्षं आधी मुंबईत जन्मला होता, असं ते वाक्य. मित्राने लिंक पाठवताना तेच लिहिलं होतं, मीही पुढे ती चौघांना पाठवताना तेच लिहिलं. वाक्यच असं आहे की प्ले दाबायच्या आधीच रेकॉर्ड आवडून जाते. दोन वर्षं मी ती अशीच ऐकली, आपल्या गावाचा पहिला नंबर आल्याच्या आनंदात.

मग एका रविवारी स्पीकरवर ती लागलेली असताना आई शेजारी कोथिंबीर निवडत बसली होती. आईने लहानपणी गाण्याच्या परीक्षा दिल्यात. लग्नानंतर तंबोरा माळ्यावर गेला तो गेलाच. ती मान वर न करता म्हणाली, "ललत आहे गं हा. दोन्ही मध्यम लागोपाठ घेतोय बघ." मी फोन उचलून पाहिलं. ट्रॅकचं नाव खरंच 'राग ललित'. दोन मिनिटांनी ती पुन्हा बोलली, "पण हा पुढे कुठे जातच नाही. ठेक्याने त्याला धरून ठेवलंय."

मला जरा लाजच वाटली. रेकॉर्डच्या नावात 'राग' आहे, प्रत्येक ट्रॅकच्या नावात राग आहे, आणि दोन वर्षांत मी त्यात एकही राग ऐकला नव्हता. मी शिकागो ऐकत होते.

हा लेख त्या लाजेतून आलाय. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जुन्या, विसरलेल्या, छोट्या कंपन्यांनी पुन्हा काढलेल्या रेकॉर्ड्स ऐकणं हा आपल्यातल्या अनेकांचा छंद झालाय. अशी प्रत्येक रेकॉर्ड आपल्यापर्यंत एक गोष्ट घेऊन येते: कलाकार काळाच्या पुढे होता, कुणाला कळलं नाही, मग कुणाला तरी एका दुकानात धुळीत ती सापडली. गोष्ट बहुतेक वेळा खरी असते. पण गोष्ट कानात शिरली की संगीताला आत यायला जागा उरते का, असा माझा प्रश्न आहे.

आधी माहिती. चरणजीत सिंग हे मुंबईतल्या हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंमधले वादक. बास, गिटार, कीबोर्ड, जे लागेल ते वाजवणारे. मोठमोठ्या संगीतकारांच्या रेकॉर्डिंगमध्ये ते वाजवत, शिवाय फिल्मी गाण्यांच्या वाद्यसंगीताच्या रेकॉर्ड्सही काढत. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं एकत्र जोडली: टीआर-८०८ हे ड्रम मशीन, टीबी-३०३ हे बास वाजवणारं छोटं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. त्यांवर दहा राग वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली आणि ती खपली नाही. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात ती मिळाली. त्याने पुढे मुंबईत चरणजीत सिंग यांना शोधून काढलं आणि २०१० मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलवरून ती पुन्हा प्रकाशित केली. तेव्हा चरणजीत सिंग सत्तरीत होते.

आता शिकागोची बाजू. टीबी-३०३ हे यंत्र १९८१ साली बाजारात आलं ते एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्यांना बासची साथ मिळावी म्हणून. तो बास खऱ्या बाससारखा अजिबात वाजेना, म्हणून १९८४ मध्ये कंपनीने उत्पादन बंद केलं. मग ही यंत्रं सेकंडहँड स्वस्तात मिळू लागली, शिकागोतल्या काळ्या तरुणांच्या हाती पडली, आणि १९८७ मध्ये फ्यूचर या गटाचा 'ॲसिड ट्रॅक्स' आला. त्यातून एका प्रकाराला नाव मिळालं.

तारखा लावल्या तर १९८२ आधी, १९८७ नंतर. म्हणजे मुंबई जिंकली? इथे जरा थांबून दोन्ही रेकॉर्ड्स लागोपाठ ऐका. हेडफोन असतील तर उत्तम, कारण फोनच्या स्पीकरमधून बास येतच नाही.

'ॲसिड ट्रॅक्स'मध्ये सुरावट जवळजवळ नाही. एकच छोटा तुकडा फिरत राहतो, आणि वाजवणारा यंत्राची बटणं पिळून त्या तुकड्याचा आवाज बदलत जातो. कधी तो गुदमरतो, कधी किंचाळतो. सगळं नाट्य त्या पिळण्यात आहे. चरणजीत सिंग यांच्याकडे उलट आहे. खाली ३०३ घरंगळत असतं, पण कान वरच्या सुरावटीकडे लागतो. तिथे एक माणूस कीबोर्डवर मालकंस, भूपाली, कलावती वाजवतोय. शिकागोत यंत्र हेच गाणं आहे. इथे यंत्र साथीला बसलंय.

मग दोन्ही इतकी सारखी का वाटतात? माझं उत्तर साधं आहे. ३०३मध्ये सोळा घरांचा एक साचा भरायचा असतो, तो पुन्हा पुन्हा वाजतो. प्रत्येक सुराला 'घसरत जा' अशी सूचना देता येते, म्हणजे एक सूर दुसऱ्यात तुटल्याशिवाय मिसळतो. अशा यंत्राला एकाच षड्जावर तासभर ठाण मांडायला आवडतं. पाश्चात्त्य पॉपवाल्यांना हीच त्याची अडचण वाटली, कारण त्यांना दर चार मात्रांनी कॉर्ड बदलायची असते. रागसंगीताला कॉर्ड बदलायचीच नसते. षड्ज एकदा धरला की शेवटपर्यंत तोच. आणि सूर घसरत नेणं म्हणजे आपल्याकडे मींड. म्हणजे रोलँडच्या अभियंत्यांनी नकळत असं यंत्र बनवलं होतं, ज्याच्या मर्यादा तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला मर्यादा वाटल्याच नसत्या. शिकागोच्या पोरांना त्या मर्यादेतून नशा सापडली, मुंबईच्या वादकाला ओळखीचं घर सापडलं. दोघे एकाच दारातून आत आले, पण वेगळ्या कामासाठी. यात कुणी कुणाचा पूर्वज नाही.

'काळाच्या पुढे' हेही म्हणूनच मला आता पटत नाही. चरणजीत सिंग १९८२ च्या मुंबईत अगदी वेळेवर होते. १९८० मध्ये 'कुर्बानी' आलेला, १९८१ मध्ये नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने', आणि १९८२ संपता संपता 'डिस्को डान्सर'. सिनेमात जिकडेतिकडे डिस्को होता. तबला बाजूला ठेवून डिस्कोचा ठेका घ्यावा आणि वर राग वाजवावेत, म्हणजे काहीतरी वेगळं होईल, असं आपल्याला वाटलं, एवढंच त्यांनी नंतरच्या मुलाखतींत सांगितलं. हा भविष्यवेत्त्याचा विचार नाही. रोज डिस्को वाजवून पोट भरणाऱ्या, आणि त्याच हातांनी स्वतःचं काहीतरी करू पाहणाऱ्या वादकाचा हा विचार आहे. मला तर तो जास्त मोठा वाटतो.

पुनःप्रकाशनानंतर काहींना ही रेकॉर्ड चक्क बनावट वाटली. कुणा आजच्या युरोपीय संगीतकाराने गंमत म्हणून जुनी भासेल अशी केलेली असणार, असा संशय. कौतुकाच्या आत काय लपलेलं असतं ते इथे दिसतं. मुंबईच्या स्टुडिओतल्या माणसाला हे यंत्र समजून वाजवता येईल, हेच अनेकांना अशक्य वाटत होतं. म्हणून मग चमत्कार किंवा फसवणूक, असे दोनच पर्याय उरले.

चमत्कार नव्हताच. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर आला होता. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथला स्टुडिओ उभा करून दिला आणि गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासारख्यांनी तिथे टेपवर प्रयोग केले. १९६९ ते १९७२ मधल्या त्या टेप पॉल पर्गस यांच्या शोधामुळे २०२३ मध्ये 'द एनआयडी टेप्स' म्हणून बाहेर आल्या. कॅनडातल्या कॅलगरीत रूपा बिस्वास यांनी आशिष खाँ यांच्या सरोदसह 'डिस्को जॅझ' केली, तीही १९८२ ची. त्यातल्या 'आज शनिबार'वर बंगाली शब्द, सरोद आणि डिस्को इतक्या सहज एकत्र नांदतात की ही जोड कुणी लावली असेल असं वाटतच नाही. २०१९ मध्ये न्यूमेरो ग्रुपने ती पुन्हा काढली. या तिन्ही एकामागोमाग एक ऐका. मग चरणजीत सिंग एकटे, वेडे, काळाआधीचे वाटणार नाहीत. त्यांच्या आजूबाजूला माणसं होती, फक्त त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती.

आता आईच्या दुसऱ्या वाक्याकडे येते: हा पुढे कुठे जातच नाही.

हे खरं आहे, आणि कौतुकाच्या लेखांत ते कुणी लिहीत नाही. दहा ट्रॅक, प्रत्येक पाचेक मिनिटांचा, लय जवळपास एकच. पहाटेचा ललत, पावसाळ्याचा मेघमल्हार आणि रात्रीचा मालकंस एकाच ट्यूबलाइटखाली उभे केल्यासारखे. बढत नाही. रागाची ओळख पटेल असा तुकडा लवकर येतो आणि तोच थोड्याफार फरकाने फिरतो. सलग ऐकलं तर सातव्या-आठव्या ट्रॅकला कान थकतात. मी स्वतः आता एका वेळी दोनच ऐकते.

पण ही मर्यादा कुठून आली तेही पाहायला हवं. फिल्मी वादकाचं काम काय असतं? पहिल्या काही सेकंदांत गाणं ओळखू यावं असा तुकडा वाजवणं. मुखडा लागला पाहिजे. चरणजीत सिंग यांनी रागाला मुखड्यासारखं वागवलं. ख्यालवाल्याने तासभर झाकून ठेवावं ते त्यांनी पहिल्याच मिनिटात उघडं केलं. आईने भाजी निवडता निवडता ललत ओळखला तो त्यामुळेच, आणि तो पुढे गेला नाही तोही त्यामुळेच. गुण आणि दोष एकाच सवयीतून आलेत, आणि ती सवय मुंबईच्या स्टुडिओची आहे. त्या स्टुडिओंत पंजाबी, गोवेकर, बंगाली, मराठी वादकांनी आयुष्यं घालवली आणि रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांची नावं क्वचितच छापली गेली. या रेकॉर्डला शिकागोच्या झाडाची फांदी केलं की ही अख्खी मुंबई गायब होते. पहिला नंबर मिळतो आणि घर जातं.

मग पुनःप्रकाशन वाईट का? नाही. त्याशिवाय आईपर्यंत तो ललत पोचलाच नसता. फरक पडतो तो पुढे काय होतं याने. इथे हैलू मर्गिया यांची आठवण येते. इथिओपियाच्या वालियास बँडचे हे कीबोर्डवादक अमेरिकेत राहिले. १९८५ साली त्यांनी वॉशिंग्टनमध्ये ॲकॉर्डियन, सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन जुन्या इथिओपियन सुरावटींची एक कॅसेट एकट्याने केली. म्हणजे चरणजीत सिंग यांच्यासारखाच प्रयोग, जवळपास त्याच काळात. पुढे ते टॅक्सी चालवू लागले. गिऱ्हाइकाची वाट बघताना डिकीतला कीबोर्ड काढून सराव करत. २०१३ मध्ये 'ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका' या लेबलने कॅसेट पुन्हा काढली. हे लेबल नफा कलाकाराशी निम्मानिम्मा वाटून घेतं. मर्गिया पुन्हा मंचावर आले, आणि २०१८ मध्ये 'लाला बेलू' हा त्यांचा नवा अल्बम आला. नवा, हा शब्द महत्त्वाचा. त्यांची जुनी कॅसेट नुसती कपाटातली वस्तू झाली नाही. तिने त्यांना पुढचं काम करायला वेळ मिळवून दिला.

चरणजीत सिंग यांनाही थोडं मिळालं. म्हातारपणी ते युरोपात मंचावर उभे राहिले, तरुण पोरं त्यांच्या मालकंसावर नाचली. पण लोकांना त्यांच्याकडून १९८२ च हवं होतं. २०१५ मध्ये ते मुंबईत गेले. अठ्ठावीस वर्षं उशिरा आलेल्या टाळ्या पाच वर्षं टिकल्या.

हा हिशेब डोक्यात बसल्यापासून माझी शोधायची सवय थोडी बदललीय. जुनं ऐकतेच, पण त्यासोबत आज निघणारंही. २०१९ मध्ये स्वदेसी या मुंबईच्या हिपहॉप गटाने आरेतल्या वारली पाड्यावरचे प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केलं. जंगल तुटत असतानाच, त्या जंगलातल्या माणसाच्या आवाजात. ते मराठीत आहे, आपल्या काळातलं आहे, आणि ते समजायला कुणा परदेशी संग्राहकाने तीस वर्षांनी दुकानात वाकायची गरज नाही. आज ऐकलं तर 'काळाच्या पुढे' म्हणावं लागणार नाही. नुसतं 'वेळेवर' म्हणता येईल.

आईला मी नंतर चरणजीत सिंग यांची सगळी गोष्ट सांगितली. शिकागो, डच माणूस, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे हे वाजवताना ते चाळिशीतच होते. मग पुढची तीस वर्षं काय वाजवत होते?"

माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. मी त्यांच्याबद्दल इतकं वाचलं होतं, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.